करवंदीच्या जाळीतली दुसरी कोयती

ऐका. शेकोटीजवळ सरका आणि मधे कुणी बोलायचं नाही. तात्या, हे तुमच्यासाठी आहे. ही गोष्ट तुम्ही दरवर्षी सांगता आणि दरवर्षी तुमच्या गोष्टीत सुंदराआत्या किंचाळून बेशुद्ध पडते. ती पडली नव्हती. ही काय, इथंच बसलीय. विचारा तिला.

"पडले नव्हते," आत्या म्हणाली.

झालं तर. आता मी सांगते.

पस्तीस वर्षं झाली. आत्या तेव्हा बावीसची. आमच्या तात्यांची धाकटी बहीण. तात्या तेव्हाही असेच होते, गावकीत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. आणि ओहोळापलीकडच्या टेंबावर, त्या टेकाडावर, करवंदीची जाळी होती. केवढी? चार घरं आत मावतील एवढी.

ती जाळी आपोआप वाढलेली नव्हती बरं का. चंपूबाय म्हणून एक एकटी बाई होती, तिनं लावलेली. उघडा टेंब होता, तिनं बिया टोचल्या. पुढं दरवर्षी पौषात ती जाळीची एकच कड छाटायची. यंदा ही, पुढच्या वर्षी ती, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. छाटलेल्या कडेला नवे कोंब यायचे, बाकीच्या दोन कडांना फळ धरायचं, आणि आतल्या जिवांना कधी बेघर व्हावं लागायचं नाही. ससे, लावे, मुंगूस, सगळी तिची बिऱ्हाडं. एका पौषात ती छाटता छाटताच गेली. साप चावला. तिसऱ्या दिवशी सापडली.

मग सुरू झालं. कुणी म्हणे जाळीत बाई दिसते. कुणी म्हणे ती नावानं हाक मारते. जाळीला कोयती लावायची नाही, असं गावानं ठरवलं. पंधरा वर्षं कुणी हात लावला नाही.

आता जाळीही माणसासारखी म्हातारी होते. वरून हिरवी दिसते, आतून नुसतं लाकूड. फळ आटलं. तळाशी गच्च पाला उरला नाही, लाव्यांना लपायला जागा राहिली नाही. उरलीसुरली बिऱ्हाडं एकाच कडेला दाटीवाटीनं राहायला लागली. आणि गावकीनं ठरवलं, होळीच्या रात्री जाळी पेटवायची. साप फार झालेत.

आत्या बैठकीत उठून उभी राहिली. म्हणाली, "पेटवता कशाला? छाटा. बुडातून कोंब येतील. आत जीव आहेत."

तात्या म्हणाले, "कोयती लावायची नाही. बाई कोपेल."

"आणि काडी लावलेली चालते तिला?"

"अग्नी पवित्र असतो."

तात्या, असं बघू नका. तुमचेच शब्द आहेत.

आत्या म्हणाली, "होळीपर्यंत त्या जाळीवर कोंब दाखवले, तर नाही ना पेटवणार?"

"दाखव," तात्या म्हणाले आणि हसले. कोयती लावायला कोण जाणार, म्हणून हसले.

पौषातली अमावास्या. होळीला दीड महिना. माणसं जेवून आडवी झाली आणि आत्या निघाली. हातात कोयती, कंदील, आणि काटे लागू नयेत म्हणून दोन्ही हातांना गुंडाळलेलं जुनेर. पाणंद संपली. ओहोळ आला. ओहोळात पाय टाकला आणि कंदील विझला. वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. आत्यानं काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. तिसरी ओढलीच नाही. म्हणाली, "राहू दे. चांदण्या आहेत."

ही अशी आहे आमची आत्या.

टेंब चढली. वरच्या कडेनं सुरुवात केली. एक फांदी. दोन. टोक. टोक. थंडी अशी की जुनेरातसुद्धा बोटं आखडत होती. आणि तिनं हात थांबवला, तर पलीकडून एक आवाज आला. टोक.

तिला वाटलं भास झाला. पुन्हा छाटायला लागली. टोक, टोक. थांबली.

टोक.

पलीकडून कुणीतरी छाटत होतं. हिच्यापेक्षा एक घाव जास्त.

"दादा, तू आहेस का?" आत्या म्हणाली. तात्या, तिला वाटलं तुम्ही आलात. मदतीला. तुमच्याबद्दल तिचं मत नेहमीच चांगलं होतं.

मग फांद्यांच्या आतून, अगदी शांत, बाईचा आवाज. "तंबाखू आहे का गं चिमूटभर?"

तुम्ही काय केलं असतं? आत्या म्हणाली, "मी खात नाही."

मग आवाज म्हणाला, "मग काम कर."

आणि ऐका, आत्यानं केलं. ही इकडून, ती तिकडून. हळूहळू तर आत्याला बरंच वाटायला लागलं म्हणे. एकटीनं छाटण्यापेक्षा कुणीतरी सोबत आहे, एवढंच. तास गेला, दोन तास गेले. वरची कड निम्मी हिनं, निम्मी तिनं, साफ झाली. आणि पलीकडची कोयती थांबली.

इथं आत्याचं चुकलं. मी तिच्या बाजूची आहे, तरी सांगते. तिला ठाऊक होतं, वर्षाला एकच कड. पण अंगात रग होती. तिला वाटलं, एका रात्रीत सगळी जाळी छाटून टाकू. पुन्हा तात्यांपुढं हात जोडायला नको. ती दुसऱ्या कडेत घुसली. घाई एवढी की फांद्या ओढून उताराला टाकायच्या सोडून नुसत्या मागं फेकत गेली.

"पुरे," आवाज आला.

आत्या थांबली नाही.

"पुरे म्हटलं ना."

"थोडंच राहिलंय," आत्या म्हणाली, आणि कोयती मारली ती लाकडात रुतली. ओढली, येईना. जोर लावला तर पलीकडून कुणीतरी तितकाच जोर लावतंय. तिनं सोडून दिली. वळली. मागं काट्यांचा ढीग, डोक्याएवढा. डावीकडं ढीग. उजवीकडं ढीग. सगळा तिनंच रचलेला. ढिगाच्या कडेनं चालायला लागली, फट सापडेल म्हणून. चालली, चालली, आणि समोर आपलीच रुतलेली कोयती. पुन्हा फिरली. पुन्हा कोयती. तिसऱ्या फेरीला तिच्या पुढं कुणीतरी चालत होतं. पाठ दिसत होती. नुसती पाठ. आणि पावलांच्या टाचा पुढं.

आत्याला चकवा लागला होता. स्वतःच्याच कामात.

मग आवाज कानाशी आला. अगदी कानाशी, गार. "सगळं आजच कापलंस, तर ह्यांनी रात्री कुठं जायचं?"

तेव्हा आत्यानं खाली बघितलं. न छाटलेल्या कडेच्या बुडाशी, हातभर अंतरावर, एक सशीण. कान पाठीला चिकटवलेले, पोट धडधडतंय, आणि पोटाखाली तीन पिल्लं. पळत नव्हती. पळायला मागं काही उरलंच नव्हतं.

आत्या म्हणाली, "चुकलं माझं."

एवढंच म्हणाली. सशिणीच्या बाजूनं जमिनीलगत एक बोगदा होता. सशांची वाट. आत्या पोटावर पडली आणि त्यात शिरली. पाठ सोलली. केस अडकले. निम्म्यात आली तर पदर मागं ओढला गेला. काट्यानं नव्हे हो. काटा फाडतो. हा मूठ आवळून धरलेला होता. आत्यानं पदर टरकावला, तसाच सोडला, आणि घरंगळत ओहोळात जाऊन पडली. तेव्हा गावात पहिला कोंबडा आरवला. जरा उशीर झाला असता तर चंपूबायला कायमची जोडीदारीण मिळाली असती.

सकाळी ती सापडली तात्यांना. पाठीवर घालून घरी आणली. रस्ताभर शिव्या दिल्या आणि रस्ताभर रडले. हे ते गोष्टीत सांगत नाहीत.

"धुकं होतं," तात्या म्हणाले. "डोळ्यांत गेलं."

बरं, धुकं.

होळीच्या दिवशी गाव जमायच्या आधी तात्या एकटेच टेंबावर गेले. वरच्या कडेला दोन तऱ्हेचे घाव होते. अर्धे गुडघ्याएवढे उंच, चेचलेले. ते वाळून गेले होते. ते आत्याचे. बाकीचे जमिनीला टेकून, तिरपे, एका फटक्यात मारलेले. त्या प्रत्येक बुडख्यातून लालसर कोंब आले होते, बोटभर, गच्च. तात्या तिथं बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग खाली येऊन गावकीला म्हणाले, "काडी लावायची नाही."

कारण विचारलं तर म्हणाले, "मी सांगतो म्हणून." आता ह्यांना आणखी काय विचारणार?

तेव्हापासून दर पौषात आत्या जाते. एक कड. जमिनीलगत, तिरपा घाव. काटे उताराला. पस्तीस वर्षांत एकदाही चुकली नाही. आता टेंबावर मे महिन्यात पोरांची तोंडं काळी होतात आणि पहाटे लावे ओरडतात, ते ह्या दोघींमुळं.

पण आत्याचे गुडघे गेलेत. यंदा टेंब चढणं होणार नाही. काल तिनं मला अंगणात बसवून वाळक्या फांदीवर घाव मारायला शिकवलं. शंभरदा. "वर नको, खाली. अजून खाली." तात्या ओसरीवरून म्हणाले, पोरीच्या जातीनं रात्रीचं जायचं नसतं. मी आणखी एक घाव मारला. संध्याकाळी बघते तर कोयतीला धार लावून ठेवलेली. आत्यानं लावलेली नाही. मी लावलेली नाही.

तर ऐका, नीट ऐका. उद्या अमावास्या आहे. ओहोळापलीकडच्या त्या वाटेला उद्या रात्री कुणी फिरकायचं नाही. हौस म्हणून नाही, पैज म्हणून नाही, माझी काळजी वाटते म्हणून तर मुळीच नाही. टेंबावरून टोक टोक ऐकू आलं तर हाक मारू नका, कंदील दाखवू नका, खोकूसुद्धा नका.

आम्ही दोघी कामात असू.