तळ्याचा मेसेज

तुम्हाला सांगते, साधाच बुधवार होता. ह्यांचं सिम बंद करायला मी घरातून निघाले, तोच ह्यांच्या फोनवर मेसेज आला, ‘सर, पाणी गढूळ झालंय. लवकर या.’

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. जाऊन वर्ष होत आलं. मुलांना घेऊन ह्यांनी गावच्या तळ्यात सेन्सर बसवला होता. पाणी बिघडलं की तो आपोआप कळवायचा. मेसेजमधली वाक्यं मुलांनीच लिहिलेली.

त्यांच्यातल्या सायलीला मी फोन लावला.

“तळ्याला काय झालं गं?”

“काय नाय काकू, म्हशी बसल्यात. पार सेन्सरला टेकून.”

“मग उठवा की.”

“आमचं ऐकत न्हाईत. सर नुसतं ‘चला, तास संपला’ म्हणायचे, की उठायच्या.”

“फोन स्पीकरवर टाक,” मी म्हटलं आणि जोरात ओरडले, “चला, तास संपला!”

पलीकडे पोरं खिदळायला लागली.

“उठल्या का?”

“एक उठली, काकू. बाकीच्यांचा अजून एक तास हाय वाटतं.”

दुपारी फोन पुन्हा वाजला, ‘सर, पाणी निवळलं.’

सिम बंद करायचं राहिलं ते राहिलंच.