माथ्याला ग्रीस

— नाही नाही, साहेब, जोर लावून उपयोग नाही, जॅक असा फिरायचा नाही. गंजलाय ना. डिकीत ओल्या फडक्याखाली दोन वर्षं पडला असेल — तीन? मग मान टाकणारच. आणि अर्धा वर केलेला तसाच ठेवलात. जॅक ठेवताना पूर्ण खाली करून ठेवायचा, म्हणजे आटे आत झाकलेले राहतात, धूळ-पाणी लागत नाही. बसा. तारेच्या ब्रशने घासतो, तेल सोडतो, पंधरा मिनिटांत फिरेल. तेवढा वेळ माझं प्रवचन ऐकावं लागेल, त्याला इलाज नाही. गल्लीत मला मास्तर म्हणतात ते उगाच नाही — शाळा सातवीत सुटली, पण जॅकवर बोलायला लागलो की गिऱ्हाईक घड्याळ बघतं. तुम्हीही बघितलंत आत्ता. बघा, बघा, मला सवय आहे.

माझा जॅक तो, वरच्या फळीवर, कोरड्या कापडात. जमिनीवर ठेवत नाही, फरशी ओल धरते. महिन्यातून एकदा पुसायचा, आट्यांना ग्रीस लावायचं, कुठे चीर गेलीय का ते बोट फिरवून बघायचं. आणि गाडी उचलली की आधी तिच्याखाली ही लोखंडी घोडी सरकवायची, मग माणसाने जायचं — नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. बायको म्हणते, पोरांना ताप आला तेव्हा त्यांचं कपाळसुद्धा एवढं चाचपलं नाहीत. खरंय तिचं. लोकांना वाटतं, काय शिस्तीचा माणूस. शिस्त कसली डोंबलाची. भीती आहे नुसती.

आणि एक — माथ्याला ग्रीस लावायचं नाही. हा वरचा, गाडी टेकते तो माथा. तो कोरडा ठणठणीत हवा. कोण लावतं म्हणता? लावतात की. असा एक शहाणा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. अकरा वर्षांपूर्वी मुलीचे वडील त्याचं गॅरेज बघायला येणार होते, मुलगी द्यायची की नाही ते ठरवायला. झालं, या पठ्ठ्याने सकाळपासून पाने घासले, डबे ओळीने लावले, आणि आट्यांना लावून उरलेलं ग्रीस जॅकच्या माथ्यालाही चोपडलं. का? तर चकाकावा म्हणून. मुलीचे वडील खूश, म्हणाले, मुलगा टापटिपीचा आहे. लग्न जमलं.

हो, मीच तो. तुम्ही केव्हाच ओळखलंत, मीच आपला वळसा घालत होतो.

त्याच दुपारी दादाने तोच जॅक घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ — आत टेबलाशी बसलाय ना, तुमचा गाडीनंबर लिहून घेतला, तो. तेव्हा घोडीबिडी कोण लावत होतं? गाडी माथ्यावरून सटकली ती थेट त्याच्या पावलावर. उजव्या पायाची चार बोटं गेली. आणि दवाखान्यात जो येईल त्याला हा सांगायचा, जॅक मीच तिरका लावला, माझीच हलगर्जी. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. तिरका नव्हता हो — दादाने आयुष्यात कधी जॅक तिरका लावला नाही. सगळे त्याला घेऊन धावले, आणि मी — मी मागे राहिलो. माथा पुसून काढला. रॉकेलने. दोनदा.

हे तुम्हाला का सांगतोय मी? तेल मुरायला वेळ लागतो म्हणून, दुसरं काय.

तेव्हापासून तो गाडीला हात लावत नाही. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस, अकरा वर्षं वहीत नंबर लिहितोय. आज चार वाजता त्याची लेक त्याला न्यायला येतेय, कायमचं. काल जेवताना म्हणाला, "माझ्यासारख्या हलगर्जी माणसाने गॅरेजात राहूच नये रे, उद्या तुला काही झालं तर?" मला काही झालं तर — ऐकलंत? आणि यावर मी काय म्हणालो असेन? अजून वाढू का, म्हणालो.

बायकोला? छे, तिलाही माहीत नाही. तुम्हीच पहिले, आणि तुमचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. भेकड माणूस असाच, परक्यापुढे वाघ. मला वाटायचं, कळलं तर दादा मला सोडून जाईल. आता न कळताच चाललाय, आणि स्वतःला नालायक समजून चाललाय. लाज वाटते हो मला. फार लाज वाटते.

काय म्हणालात? — हं. बरोबर आहे तुमचं. साडेतीन झालेत.

घ्या, फिरला बघा. पूर्ण खाली केलाय, कोरड्या जागी ठेवा. — दादा, जरा बाहेर ये. नाही, वही राहू दे, वहीचं काम नाही. सावकाश ये. — तुम्ही निघा, साहेब. नाही, थांबू नका, कृपा करा. तुम्ही समोर असलात तर मला पुन्हा विनोद सुचतील.