बेगमचे केस

नाही नाही, तसं नाही — असा वरवर ब्रश फिरवलात तर वरचे केस मस्त दिसतात, पण खाली कातडीपाशी गाठ तशीच राहते. बसा ना खाली. लादीवर बसल्याशिवाय हे काम होत नाही. आधी पाणी मारायचं, ही बाटली, ह्यात थोडा कंडिशनर घातलाय — कोरड्या केसांत ब्रश घालायचाच नाही, तुटतात. मग असा एक थर उचलून धरायचा, त्याच्या खालचा विंचरायचा, मग पुढचा. पोटाकडून वर. अफगाण हाउंडला घाई चालत नाही, ज्युलियन, रविवारचे तीन तास गेलेच समजा. बघा कशी उभी राहिलीय — आमच्या मजल्यावरच्या बायकांनीच ठेवलं हिचं नाव, बेगम.

तुम्हाला मराठी येतं ते बरं झालं. प्रिती बोलली होती फोनवर, दादरचे आहेत, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच जुने ख्रिश्चन, घरी मराठीच. दोन मिनिटांचा फोन, तोही दीड वर्षाने — मी आणि ज्युलियनने लग्न केलं, त्याचं घर तळमजल्याला आहे, मागे अंगण आहे, बेगमला न्यायला तो येईल. मी बोललो, पाठव. दुसरं काय बोलणार? कुत्री तिचीच. माझ्याकडे राहिली कारण घोडपदेवला तिच्या आईच्या एका खोलीत पाच माणसं, तिथे ही एवढी मोठी कुठे ठेवणार?

कानांच्या मागे रोज बघायचं. रोज म्हणजे रोज. आणि जेवताना हे घालायचं डोक्यावरून — नाहीतर कान वाडग्यात पडतात — माझ्या स्वेटरची बाही आहे, कापून शिवलीय. हसू नका, चालते. काय? — हो. कापले होते एकदा. सगळेच, मशीन लावून. प्रितीने सांगितलं का? काय सांगितलं? — गाठी झाल्या होत्या, इलाज नव्हता... असं बोलली? हेच शब्द?

म्हणजे मी तिला जे सांगितलं तेच तिने तुम्हाला सांगितलं.

गाठी नव्हत्या हो. एकही नव्हती. तिची आई, कमळाबाई — तुमच्या सासूबाई आता — त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती आठ दिवस तिकडे. जाताना मला दाखवून गेली कसं विंचरायचं, इथेच बसून, मी तुम्हाला दाखवतोय तसंच. आणि मी सहाव्या दिवशी हिला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. तो माणूस पण बोलला, साहेब, एवढा छान कोट आहे, कशाला? मी बोललो, काप. का म्हणजे... तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. प्रिती दर रविवारी इथे बसायची ना, विंचरता विंचरता हिच्याशी बोलायची, हळू आवाजात. मी आत टीव्ही लावून बसायचो, आवाज बंद करून. तिची नोकरी गेली तेव्हा तीन आठवडे रोज सकाळी डबा घेऊन निघायची ती, मला पत्ता नाही. मला कसं कळलं? ती बेगमला सांगत होती. ‘राकेशला कसं सांगू गं,’ बोलली. आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? उठून बाहेर यायचं, शेजारी बसायचं, एवढंच ना? दहा पावलं. मी नाही उठलो. मला राग आला — कुत्रीला सांगते आणि मला नाही. तो राग मी हिच्यावर काढला.

परत आली तेव्हा ही धावत गेली दाराशी — नुसता सापळा, बकरीसारखी. प्रितीने हात पुढे केला आणि तो हात मध्येच थांबला, जिथे आधी केस लागायचे ना, तिथेच. मी बोललो, गाठी झाल्या होत्या. मग संध्याकाळी कपाटावर तिला पिशवी सापडली — पार्लरवाल्याने केस पिशवीत घालून दिले होते, का दिले देव जाणे. तिने आत हात घातला, बोटं फिरवली. सरळ केस. रेशमासारखे. माझ्याकडे बघितलं, बस. भांडली असती तर — मग ब्रश धुतले, गॅलरीत वाळवले, डब्यात ठेवले. महिन्याभरात गेली.

तीन वर्षं लागली हे परत यायला. पहिले सहा महिने तर नुसता कापूस, हात लावला की गुंता. ऑफिसातून आलो की आधी हेच, मग चहा. मनात होतं, पूर्ण वाढले की तिला फोटो पाठवायचा. काढला पण होता दिवाळीत. मग वाटलं, कानांचे अजून थोडे कमी आहेत, कान होऊ देत. कान झाले गेल्या महिन्यात. आणि तिचा फोन आला. नाव बघून मला वाटलं — जाऊ दे काय वाटलं ते.

पट्टा घ्या. ब्रश त्या पिशवीत आहेत, तिचेच आहेत. तिने विचारलं तर मी वाढवले असं नका सांगू हां. केसच आहेत, वाढतात. आणि गाठींचं मी बोललो तुमच्याशी, तेही नको. तिने झाकलंय ना, झाकलेलं राहू दे.

बेगम, जा. अगं जा ना. माझ्याकडे काय बघतेस, जा बोललो ना — लिफ्ट आली, ज्युलियन, घ्या तिला आत. शेपटी सांभाळा दारात.