सुभेदारांच्या दुर्बिणीचा आरसा

त्र्याहत्तर सालची टंचाई. मुलुंडला रॉकेलच्या रांगेत भिकाजी पेपर वाचत उभा होता. पुढच्या दोघी बोलायला लागल्या, तसा त्याने पेपर मिटला.

"जानकी, माझी वाट लागली गं. पाच वाजता कॉलेजचे सर येतायत, मामंजींच्या दुर्बिणीचा आरसा न्यायला."

"मग दे ना, शेवंती. मिलिटरीतून आल्यापासून सुभेदार त्याच्याच मागे होते."

"त्याच्या एकट्याच्या? बासरी होती, पक्ष्यांची चित्रं होती, पाऊस मोजायची बाटली होती. पण आरसा दोन वर्षं हाताने काच घासून घडवला त्यांनी."

"मग अडलं कुठे?"

"सुतक फिटलं, तसं मी सगळं घर धुतलं. भांड्यांबरोबर तोही राखेने घासला. रेघाच रेघा पडल्यात."

"अगं बाई! घरात सांगितलंस?"

"छे! सरांना म्हणेन, मामंजींनीच असा ठेवलाय. गेलेला माणूस थोडाच उलटून बोलतो?"

"म्हणजे लोक म्हणणार, सुभेदारांना आरसा काही जमला नाही."

"माझा डबा धर. सर यायच्या आत सासूबाईंना खरं सांगून येते."

"अगं, नंबर आलाय आपला!"

"येऊ दे."