सोमवार ते रविवार, सगळ्या खुणा

हॅलो? … कोण? … शाळेतून? … अहो, स्पीच थेरपीच्या बाई! नमस्कार, नमस्कार. मी भिंगरीचा आजोबा. … हो, आईचे वडील. लेक कामावर आहे, सात वाजतील तिला यायला. … मलाच सांगा ना. घरचं सगळं माझ्याच गळ्यात आहे.

… सराव? बाई, सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. कुणालाच वाटणार नाही. … अहो, रोज! रोज दहा मिनिटं. … दहा कसली, काल तर पाऊण तास! चित्रांची कार्डं संपली, म्हणून मी कपाटातली भांडी काढून दाखवली एकेक…

… अडखळते ना, अडखळते अजून. पण तुम्ही सांगितलंत तसंच करतो. शब्द अडला की आपण पुरवायचा नाही. पाच आकडे मोजायचे आणि वाट बघायची. … मी? मी वीस मोजतो! … परवा तर इतका वेळ गप्प बसलो की समोरची शिवणवाली धावत आली, म्हातारा गेला की काय म्हणून. नाकापुढे आरसा धरला माझ्या. … शपथ!

… सरावाचा तक्ता? … हो, तुम्ही मागितलात ना, सकाळीच वहीत घालून दिला. … सगळ्या खुणा केल्यात. … हो, सोमवार ते रविवार.

… आज कोणता वार?

… गुरुवार. … बरोबर. गुरुवारच.

… नाही, ऐका ना… त्याचं असं झालं… शुक्रवार ते रविवारचा आधीच उरकून घेतला. या वयात काय भरवसा? आगाऊ केलेला बरा. … हसलात ना? … नाही हसलात. … बरं.

… हो, ऐकतोय. … किती? पाच मुलं रांगेत थांबली आहेत? … आणि ज्यांच्या घरी सराव होत नाही त्यांची वेळ… हं… दुसऱ्या मुलाला. … म्हणजे भिंगरीचा मंगळवार जाणार?

… बाई, असं नका करू. वाटलं तर मला रागवा. पण त्या मंगळवारची ती वाट बघते हो. आदल्या दिवशीच पेन्सिलीला टोक काढून ठेवते. … वर्गात? वर्गात कुठे तोंड उघडते? गेल्या आठवड्यात पाणी प्यायला जाऊ का, एवढंच विचारायचं होतं. नाही जमलं. तशीच तहानलेली घरी आली. दारातच दोन पेले प्यायली.

… लेक? तिला कुठे जमणार? दिवसभर कापडाच्या कारखान्यात उभी. जेवता जेवता डोळे मिटतात तिचे. तिला काय सांगू मी? … मीही दमतो हो. सकाळी पाणी भरा, धुणं करा, हिला सोडा, हिला आणा… गुडघे तर जिना चढताना माझ्याशी भांडतात. दुपारी जरा पाठ टेकली की… नाही, तक्रार नाही. आपलं सांगितलं.

… सोमवारचं? सोमवारचं सगळं आठवतं ना! टेबलाशी बसलो. विचारलं, आज शाळेत काय केलंस? पहिलाच शब्द अडला. मी लगेच सुरू केलं. एक! दोन! तीन! … हो, मोठ्याने. … मग कसे मोजायचे?

… मनात?

… मनात मोजायचे होते होय. … नाही, मला वाटलं, शर्यतीत मोजतात तसं. पोरीला हुरूप येईल. … ती? ती टेबलाखाली गेली. … आली की वर. अर्ध्या तासाने.

… काय सांगू बाई, चाळीस वर्षं लोकांचे केस कापले मी. गालावर वस्तरा असला की माणसाला बोलता येत नाही, म्हणून दोघांचंही मीच बोलायचो. गप्प राहायचं कुणी शिकवलंच नाही मला. घरातही तेच. हिने 'आ' म्हटलं की माझं 'आंबट लागलं का?' तयार.

… त्यानंतर? त्यानंतर झकास चाललंय! काल तर एका दमात अख्खी वाघाची गोष्ट सांगितली तिने. भिंतीवरचं घड्याळ थांबलं ऐकता ऐकता! … नाही, थट्टा नाही…

… आवाज? भिंगरी आहे. तुमच्या फोनच्या आधीच शाळेतून आणली, दारातच उभी आहे, दप्तरसुद्धा उतरवलं नाही अजून. … काय गं? … तुझ्या बाई आहेत. … तुला बोलायचंय? … अगं, मी सांगतोय ना, रोज सराव… मान का हलवतेस?

… बाई, एक मिनिट हं. ही काहीतरी… 'आ'… आजो… नाही. नाही, मी नाही पुरवत.

…

…

'आजोबा… खोटं… बोलतात.'

… हो, बाई. तीच बोलली. … आणखी आहे. … 'सोमवारी… फक्त…'

… हो. खरं आहे तिचं.

… नाही, बाई, तुम्हीही बोलू नका आता. थांबा. तिचं अजून संपलेलं नाही.