बाँडवाली डॉक्टरीन

आमचं मूळ गाव पुणतांब्याजवळ, गोदावरीच्या काठाला, पन मी वाढले नगरजवळच्या केडगावात. आप्पांनी माज्या जन्माआधीच टेम्पो घेतला, आन कांदा म्हना, घरसामान म्हना, मिळंल ते वाहत वाहत आमी नगरकर झालो. घरात सगळं हाय-न्हाईच चालतं. मेडिकल कॉलेजात गेल्यावर मी आहे-नाही शिकले, तिथं सावेडीच्या बंगल्यातल्या पोरी हुत्या, त्यांच्यापुढं तोंड उघडायची चोरी. आता तुमी घरी आलाय, चहा घेताय, तर घरच्यावानीच बोलते, लिहिताना सांभाळून घ्या.

तर बाँडचं इचारलं तुमी. डॉक्टर झालं की एक वर्ष सरकार पाठवंल तिथं सेवा करावी लागती, मर्जी असो नसो. कागदावर त्याला मोठं नाव हाय, पन सगळे बाँडच म्हनतात. मला पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा हुता, आन ऑर्डर आली पाथर्डीच्या पलीकडची, डोंगराकडच्या एका गावाची. मी लई रडले. आई म्हनली, रडतीस काय, सासरी चाललीस का? आन आप्पा म्हनले, मी सोडतो टेम्पोनं. गादी, शेगडी, पुस्तकांची खोकी, सगळं टेम्पोत भरलं आन आमी निघालो.

काय सांगू तुमाला, गावात शिरलो तर टेम्पोमागं चार बाया. त्यांना वाटलं भांडीवाला आला. एकीनं गळका हंडा आनलेला, म्हनली, दादा, बदलून देता का? आप्पांनी गाडी थांबवली आन छाती काढून म्हनले, बाई, भांडी न्हाईत, डॉक्टर आनलीय! मला धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या बाया माज्याकडं बघून आपसात म्हनल्या, व्हय, ही बाँडवाली असंल.

तिथं त्या शब्दाला किंमत न्हाई. आरोग्य केंद्रात कमल सिस्टर हुत्या, बऱ्याच वर्सांपासनं तिथंच. त्या पहिल्याच दिवशी म्हनल्या, मॅडम, लोकांचं मनावर घेऊ नका, बाँडवाले येतात आन जातात, इथं त्यांना वर्साची पाव्हनी म्हनतात. आन खरंच, लोक यायचे ते इंजेक्शन मागायला. मी म्हनायचे, सर्दीला इंजेक्शन नको, वाफ घ्या. तर एक म्हातारी तोंडावर म्हनली, वाफ तर चुलीवर बी मिळती, त्याला तुमी कशाला?

असे दोन महिने गेले. मग एक दिवस द्रौपदाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. यशवंतनाना. बाई म्हनल्या, ह्यांचा गुडघा दुखतोय, सुई द्या. मी नानांना इचारलं, कधीपासनं दुखतंय? नाना म्हनले, बाजरी. मी मोठ्यानं इचारलं, जिना चढताना दुखतं का? नाना म्हनले, दोन एकर. द्रौपदाबाईनं कपाळाला हात लावला, म्हनली, चार वर्सं झाली, वयानं कान गेले, आता आमी त्यांना काय इचारतच न्हाई, नुसती भाकरी पुढं ठेवतो.

मी म्हनलं कान तर बघू. बॅटरी लावून बघितलं तर दोन्ही कानात मळाचे असे दगड बसलेले, आतलं काय दिसंना. पाच दिवस थेंब टाकायला दिले. पुन्हा आले तेव्हा कोमट पानी पिचकारीत भरलं, सिस्टरनी कानाखाली ट्रे धरला, आन मी हळूहळू कान धुतला. ट्रेमदी एक काळा खडा पडला, मग दुसऱ्या कानातला. नाना ताठ बसले. वर बघितलं आन म्हनले, ह्यो पंखा वरडतो व्हय? मग द्रौपदाबाईकडं बघून, अगं बोल की कायतरी. तिला चार वर्सांत सवयच न्हाई राह्यलेली, ती म्हनली, काय बोलू? आन नाना हसाय लागले, म्हनले, आवाज तोच हाय की गं तुजा!

घरी गेल्यावर खरी मजा झाली. त्यांची सून मंगल, कामाला वाघीन, पन तोंड चालूच. सासरा बहिरा म्हनून चार वर्सं ती त्यांच्या समोरच त्यांचा उद्धार करायची. त्या दिवशी बी सुरू झाली, आला म्हातारा पैसे घालवून गोळी खाऊन. नाना बाजेवरनं म्हनले, गोळी न्हाई खाल्ली मंगल, कान धुतले. ती जी गप झाली ती दोन दिवस गप. आन नाना गावात सांगत फिरले, माजी बाज एवढी कुरकुरती, कुनी सांगितलं न्हाई मला!

दुसऱ्या दिवसापासनं केंद्रापुढं ही गर्दी. ज्यांना ऐकू येतंय ते बी, आमचे बी कान धुवा. एक जन म्हनला, माज्या बायकोला माजं ऐकू येत न्हाई. तिला तपासलं, तिला सगळं ऐकू येत हुतं.

पन आठवड्याभरानं नाना पुन्हा आले, आन हसत नव्हते. हाताला धरून नात आनलेली, मंगलची पोरगी, सहा वर्सांची. मी नाव इचारलं. सिस्टर म्हनल्या, ही मुकी. मी म्हनलं, नाव इचारतेय. तर सिस्टर अडखळल्या, कारन गावात तिला सगळे मुकीच म्हनायचे. नाना म्हनले, कोमल. आन मग ते जे बोलले ते मी इसरनार न्हाई. म्हनले, डॉक्टरीनबाई, चार वर्सं आमी दोघं बाजेवर जोडीनं बसायचो, हिला कायी ऐकू येईना आन मला बी येईना. आमच्या आमच्या खुना हुत्या, आमचं बरं चाललेलं. आता मी ह्या तीरावर आलो आन पोरगी तिकडंच राह्यली. हिचे बी कान धुवा.

मी बघितलं. कान स्वच्छ, आरशासारखे. मी म्हनलं, नाना, हे धुऊन जानारं न्हाई, नगरला दाखवू.

नगरला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, मी स्वतः गेल्ते बरोबर. तपासन्या झाल्या. कानाच्या डॉक्टर म्हनल्या, हिला अगदी मोठा आवाज तेवढा कळतो, दोन्ही कानाला मशीन लावलं तर फायदा हुईल, उशीर झालाय, पन दर आठवड्याला बोलायचं शिक्षन द्या, जेवढं मिळंल तेवढं मिळंल. सरकारी योजनेतनं मशीन मिळालं, दसऱ्याच्या थोडं आधी.

मोबाईलवर तसले व्हिडिओ असतात न्हाई का, मशीन लावलं की लेकरू हसतं? मला वाटलं तसंच हुनार. मशीन लावलं आन कोमलनं अशी किंकाळी फोडली, दोन्ही मशीनं उपटून फेकून दिली आन नानांच्या धोतरात तोंड लपवलं. मंगल म्हनली, बघा, तिलाच नकोय.

आन वेळ तर न्हवताच. दसरा झाला की तिथली निम्मी मानसं ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या भागात, ती गुढीपाडव्याच्या आसपास माघारी येतात. मंगल आन तिचा नवरा अंकुश जानार हुते. कोमलला बी नेनार हुते, कारन दोघं फडात गेल्यावर तान्ह्या भावाला ती सांभाळनार हुती. केंद्राच्या व्हरांड्यात मोठं भांडन झालं. मी म्हनलं, पोरीचं वर्स वाया जाईल. मंगल माज्यावर आली, म्हनली, तुमी वर्साच्या पाव्हन्या, तुमाला काय, माजं तान्हं उसाच्या पाल्यात कुनाच्या भरवशावर ठेवू? आन ती खोटं बोलत नव्हती हो.

तेव्हा द्रौपदाबाई उठली. म्हनली, मी येते. तान्हं मी बघते. पोरगी हितं राहू द्या.

साठीची बाई, आन थंडीत कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत, राहायचं म्हनती! नाना म्हनले, आगं, मला भाकरी कोन करील? ती म्हनली, हात हायत ना, कान बी हायत, शिका. मंगल जाताना कोमलची वेनी घालून गेली, घट्ट, आठ दिवस सुटनार न्हाई अशी.

मग ते पाच-सहा महिने नानांचे. काय सांगू, त्यांची भाकरी म्हंजे एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. कमल सिस्टर भाजी द्यायच्या, मी अंडी उकडायला शिकवलं. दर मंगळवारी एसटीनं नगरला शिकायला जायचं, आन घरी रोज सराव. आधी थोडा येळ मशीन, मग जास्त. नाना स्वतःच्या कानाला बी खोटं खोटं मशीन लावायचे, तेव्हा ती लावून घ्यायची. मग ताट वाजव, शेळीकडं बोट दाखव आन म्हन शेळी, पान्याकडं दाखव आन म्हन पानी. दिवसभर. गावातली मानसं म्हनायची, नाना येडा झाला, शेळीला शेळी म्हनून सांगत बसतो.

होळीच्या आधी एका सकाळी नाना पळत केंद्रात आले, पायात चप्पल न्हाई. मला वाटलं पोरगी पडली. ते दम खात म्हनले, वळली. कोन वळली? म्हनले, पाठ करून बसलेली, मी नुसतं कोमल म्हनलो, ताट न्हाई, टाळी न्हाई, नुसतं कोमल, आन ती वळली. समोर पेशंट बसलेले, आन मी सगळ्यांसमोर रडले. सिस्टर म्हनल्या, मॅडम, बीपी बघताय ना? तेवढं तरी नीट बघा.

पाडव्याला टोळी माघारी आली. ट्रॅक्टर थांबला, मंगल सामान उतरवत हुती आन सवयीनं वरडली, कोमल! पोरगी अंगनात हुती. ती पळत गेली आन म्हनली, आयी. स्पष्ट न्हाई, नाकातनं, पन आयीच. मंगलच्या हातातलं गाठुडं खाली आलं, ती रस्त्यातच मांडी घालून बसली. द्रौपदाबाई लई वाळलेली, काळी पडलेली, ती ट्रॉलीतनं म्हनली, आधी मला उतरवा कुनीतरी, मग रडा.

कोमल तुमच्या-माज्यासारखं बोलनार न्हाई, हे मी खोटं कशाला सांगू. पन ती शाळेत जाती, पहिल्या बाकावर बसती, आन हट्ट करती, तो सगळ्यांना कळतो. मुकी आता कुनी म्हनत न्हाई. म्हनलं तर मंगल हाय ना.

माजं वर्स संपलं. आता सावेडीत एका दवाखान्यात काम करते आन पहाटे अभ्यास. नंबर लागंल न लागंल. लोक इचारतात, सक्ती नसती तर गेली असतीस का? खरं सांगते, नसते गेले. आन न गेल्याचं दुःख बी झालं नसतं, कारन काय गमावलं ते कळलंच नसतं.

परवा तिथल्या नव्या डॉक्टरचा फोन आला, पुन्याकडचा पोरगा, बिचारा रडकुंडीला आलेला. मॅडम, इथं वर्ष कसं काढलंत? मी कायतरी धीर देनार, तेवढ्यात फोन नानांनी घेतला. म्हनले, लेकी, ह्या पोराला समजाव, लई हळू बोलतो. मी म्हनलं, नाना, नवीन हाय तो, शिकंल. त्याला जेवायला घाला आज. नाना म्हनले, घालतो की, भाकरी आता मला दोन्ही बाजूनं जमती.

सुखात राहू द्या सगळ्यांना. त्या पोराचं बी चांगलं हू दे. घ्या, तुमचा चहा गार झाला, दुसरा ठेवते.