वीतभर वर

बाई : झालं समाधान? खांबाला काही झालेलं नाही, गोल्फचा क्लब मात्र वाकला. या महिन्यातला तिसरा.

जेलर : नवा आणतो.

बाई : क्लबचं राहू द्या, मनगट दाखवा. सुजलंय बघा. वीस वर्षं गोल्फ शिकवतेय साहेब, पण खांबाशी मारामारी करणारा विद्यार्थी पहिलाच.

जेलर : माझ्याकडे चार दिवस आहेत, बाई. रविवारी सकाळी आठला मुलाबरोबर खेळायचंय. थट्टा नंतर करा. दोष काय तेवढं सांगा.

बाई : दोष तोच. क्लब बॉलच्या खाली शिरायला हवा, तुमचा वरून चाटून जातो. म्हणून बॉल उडत नाही, घरंगळतो.

जेलर : मग दुरुस्त करा. एकतीस वर्षं तुरुंग सांभाळलाय मी. चारशे माणसं एका शिट्टीवर उभी राहायची. एवढासा बॉल ऐकत नाही म्हणजे काय.

बाई : त्याला शिट्टी ऐकू येत नसेल. बसा, पाणी प्या. तुमचा मुलगा म्हणालाच होता, बाबांना पटकन राग येतो.

जेलर : आणखी काय म्हणाला?

बाई : काही नाही. सहा वर्षं माझ्याकडे येतोय, घरचं अवाक्षर काढत नाही. मागच्या महिन्यात एकदम म्हणाला, बाबांचं पत्र आलंय, त्यांना भेटायचंय. घरी नको, मैदानावर बरं. त्यांना थोडं शिकवाल का?

जेलर : मैदानावर. चार लोकांच्या नजरेसमोर. कैद्यांच्या भेटी अशाच व्हायच्या आमच्याकडे. तो माझ्या नातीला आणणार आहे. सात वर्षांची झाली, मी अजून पाहिलेली नाही. तिच्यासमोर माझा बॉल असा घरंगळता कामा नये.

बाई : मग हे बघा. मोबाइलवर तुमचा स्विंग घेतलाय, हळू करून दाखवते. क्लब वर गेला, छान. खाली आला, जोर तर भरपूर. आणि हे बघा, इथे थांबला.

जेलर : थांबला कुठे? बॉलला लागला.

बाई : बॉल अजून वीतभर खाली आहे. त्याच्या वरच तुम्ही हात आखडता. मग उरलेला रस्ता क्लब नुसता लटपटत जातो. उठा. आता बॉल नाही, काही नाही. हवेत फिरवा. पार खांद्यावरून मागे जाऊ द्या.

(सपकन आवाज येतो आणि मध्येच तुटतो. पुन्हा एकदा. पुन्हा.)

बाई : तिन्ही वेळा तिथेच. जमिनीपासून वीतभर वर. साहेब, बॉल नसताना कशावर थांबता?

जेलर : सवय असेल.

बाई : कसली?

जेलर : काठीची, दुसरी कसली. आम्हाला शिकवलेलं असतं. डोक्यावर नाही, पाठीवर नाही. पोटऱ्यांवर मारायचं आणि लागलं की तिथल्या तिथे हात थांबवायचा. हाड मोडत नाही. माणूस खाली बसतो, दुसऱ्या दिवशी कामाला उभा राहतो.

बाई : पोटरी इथे असते. माझीच बघा, आणि मी बुटकी. तुमचा क्लब याच्याही बराच खाली थांबतो.

जेलर : मग?

बाई : मग एवढं लहान कोण होतं?

जेलर : शिकवणीला आलोय मी, जबानी द्यायला नाही.

बाई : भर उन्हात इथे सगळे अर्ध्या चड्डीत खेळतात. तुमचा मुलगा सहा वर्षांत एकदाही अर्ध्या चड्डीत आला नाही.

जेलर : तोंड सांभाळा.

बाई : क्लब खाली घ्या, साहेब.

जेलर : तोंड सांभाळा म्हटलं. आणखी एक शब्द बोललात तर तंगडी मोडून हातात देईन.

बाई : द्या. फक्त या वेळी मनगट सैल सोडा आणि पूर्ण फिरवा, एवढे दिवस शिकवलंय ते फुकट जायला नको. ही मी उभी आहे. हलत नाही. तो हलायचा?

जेलर : नाही.

बाई : कधीच?

जेलर : हलला की फटक्यांची मोजणी पुन्हा एकपासून व्हायची. त्यामुळे हलायचा नाही.

बाई : ठेवा तो क्लब. खाली. हां. आता बसा. कशासाठी मारायचात?

जेलर : कशासाठीही. खोटं बोलला, शाई सांडली. एकदा जेवताना हसला म्हणून. आठ-नऊ वर्षांचा होता तेव्हापासून. भिंतीला हात टेकवून पाठमोरा उभा करायचो. तोंड दिसलं की हात चालत नाही, हेही नोकरीतच शिकलो. एकदा त्याची आई मध्ये पडली. तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात मी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. मरेपर्यंत तीही तेच सांगत राहिली.

बाई : आणि तो?

जेलर : सोळाव्या वर्षी वळला. माझ्या हातातून काठी हिसकावली आणि या खांद्यावर मारली. ती मोडेपर्यंत मारली. मग चपला घालून गेला. तुम्ही रोज विचारता ना, डावा खांदा का अडतो. म्हणून अडतो.

बाई : पत्रात हे लिहिलंत?

जेलर : भेटायचं आहे, एवढंच लिहिलं. तेवढं लिहायलाच चार महिने लागले.

बाई : आता माझं ऐका. शिकवताना मी विद्यार्थ्याच्या मागे उभी राहते, हातात क्लब असतोच. तुमचा मुलगा आला तेव्हा महिनाभर त्याला बॉल लागेना. एवढा दांडगा माणूस, पण स्विंग सुरू केला की पाय लटलटायचे. मला वाटलं, हा काही शिकत नाही. एक दिवस पाणी प्यायला म्हणून मी त्याच्या पुढे आले, रिकाम्या हातांनी. त्याने असा मारला की बॉल कुंपणापलीकडे. तेव्हापासून त्याला समोर उभी राहून शिकवते. त्याचं कारण मला आज कळलं.

जेलर : चार दिवसांत हाताची ही सवय सुटेल?

बाई : नाही. वर्ष लागेल. रविवारी तुमचा बॉल घरंगळणार आणि पोरगी हसणार.

जेलर : हसू दे.

बाई : नक्की?

जेलर : भीती वाटते मला. तिची नाही, माझीच. पण हसू दे.

बाई : मग चार दिवस एकच गोष्ट शिकायची. तुमचा बॉल मारून झाला की क्लब लगेच पिशवीत. मग मुलगा मारायला उभा राहील. तेव्हा तुम्ही कुठे उभे राहाल? दाखवा. समजा, मीच तुमचा मुलगा.

जेलर : इथे.

बाई : इथे, माझ्या मागे, मला फक्त तुमची सावली दिसते.

जेलर : इथे?

बाई : आणखी पुढे या. बॉलच्या वाटेत नको, माझ्या छातीसमोर. हां. हात मागे का बांधलेत?

जेलर : रिकामे आहेत.

बाई : ते तुम्हाला माहीत. त्याला दिसू द्या.

जेलर : असे?

बाई : असेच. आता माझा मारून होईपर्यंत हलायचं नाही.